स्पिनेलला कोणी हात लावत नाही

श्रावणातल्या एका दुपारी माझी भाची ओली छत्री दाराबाहेर ठेवून घरात आली आणि पर्समधून कागदाची एक पुडी काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली. जवाहिऱ्यांच्या पुडीची घडी ठरावीक असते. ती उलगडताना आजही माझी बोटे आपोआप सावध होतात. आत पातळ निळसर कागदाच्या अस्तरावर एक निळा खडा होता, लांबट गोल, करंगळीच्या नखाहून थोडा लहान. अस्तराचा रंग खड्याला मदत करतो, म्हणून मी तो आधी साध्या पांढऱ्या कागदावर घेतला आणि खिडकीपाशी गेले. बाहेर आभाळ गच्च भरलेले होते. अशा उजेडात निळे खडे सहसा मिटून जातात, पण हा मिटला नाही. त्याच्या पोटात एक थंड, थोडीशी करडी झाक असलेली निळाई जागी होती, आणि कागद जरा कलता केला की ती एका पैलूवरून दुसऱ्या पैलूवर सरकत होती.

खडा तिने श्रीलंकेतल्या रत्नपुऱ्याला घेतला होता. मार्गशीर्षात तिचा साखरपुडा आहे आणि अंगठीत हिरा नको, निळा खडा हवा, हे तिचे केव्हाचे ठरलेले होते. नीलमाचे नाव काढताच माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, हात जोडले होते. नीलम लाभला तर लाभतो, नाहीतर बाधतो, ही आमच्या घरातली पक्की समजूत आहे आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाशी त्यावर वाद घालायचा नसतो. भाचीचा जन्म ऑगस्टचा. ऑगस्टच्या जन्मरत्नांमध्ये २०१६ साली स्पिनेल नावाच्या रत्नाची भर पडली, हे तिने कुठेतरी वाचले होते. तेव्हा आजीचे मन राखून निळाई मिळवायची तर निळा स्पिनेल, असा तिने मार्ग काढला. पहिल्या बोनसचे बरेचसे पैसे त्यात गेले होते. "मावशी, खरा आहे ना गं?" तिने विचारले. मी भिंग डोळ्याला लावले, खडा चिमट्यात धरून दोन मिनिटे फिरवला आणि म्हणाले, "नैसर्गिक आहे. आणि याच्यावर काहीही केलेलं नाही. स्पिनेलला कोणी हात लावत नाही."

ती खूश झाली, चहा पिऊन गेली. अंगठी घडवायची म्हणून खडा माझ्याकडेच राहिला.

रात्री दिवा मालवल्यावर मला माझेच बोलणे पुन्हा ऐकू आले. नैसर्गिक आहे, हे मी पाहून बोलले होते. भिंगातून मला जे दिसले, त्यावरून तेवढे म्हणायला आधार होता. पण त्यावर काहीही केलेले नाही, हे मी कशात पाहिले होते? कशातच नाही. ते वाक्य माझे नव्हते. ते बाबांचे होते, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच ठाम सुरात माझ्या तोंडून निघाले होते, आणि ते निघून गेल्यावरही त्याची मला जाणीव झाली नव्हती.

बाबा झवेरी बाजारातल्या एका पेढीवर पारखीचे काम करीत. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो आणि आमची गॅलरी उत्तरेकडे होती. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ओळखीची माणसे रुमालात बांधलेल्या अंगठ्या आणि कुड्या घेऊन यायची, आणि बाबा गॅलरीत स्टूल टाकून बसायचे. उन्हाची तिरीप खड्यावर पडू द्यायची नाही, कारण ऊन सगळ्यांनाच सुंदर करते. उत्तरेचा उजेड मात्र कोणाची बाजू घेत नाही, असे ते म्हणत. खडा आधी पालथा करून पाठीकडून पाहायचा, मग सरळ, आणि शेवटी तर्जनी आणि मधले बोट यांच्या फटीत धरून हाताच्या त्वचेवर तो कसा दिसतो ते पाहायचे, कारण तो राहणार आहे माणसाच्या अंगावर, कागदावर नव्हे. खड्याच्या तेजाला ते पाणी म्हणत. "याला पाणी आहे," असे ते म्हणाले की समोरच्या माणसाचा चेहरा उजळायचा. मी आठ-नऊ वर्षांची असताना मला वाटायचे की खरोखरच आत पाणी असते आणि ते फक्त बाबांना दिसते.

ज्या काळात त्यांची नजर तयार झाली, त्याच काळात नीलमाची दुनिया बदलत होती. सिलोनमध्ये, म्हणजे श्रीलंकेत, कुरुंदाचे, म्हणजे नीलम ज्या खनिजाचा असतो त्याचेच, दुधाळ, करडे दगड निघतात; त्यांना तिकडे गेउडा म्हणतात. १९७० च्या दशकात हे दगड थायलंडमध्ये नेऊन कडक भट्टीत तापवले जाऊ लागले आणि त्या दुधाळपणातून निळा रंग उमलू लागला. दगडात असलेले टायटॅनियम आधी बारीक सुयांच्या रूपात वेगळे पडलेले असते, त्यालाच रेशीम म्हणतात. उष्णतेने त्या सुया विरघळतात, टायटॅनियम लोहाच्या शेजारी जाऊन बसते आणि नीलमाचा निळा तयार होतो. ही माहिती बाजारात झिरपायला वेळ लागला. मी शाळेत असताना बाबांनी एका नीलमाला तो जसा खाणीतून आला तसाच आहे असे सांगितले होते. त्यात तुटक ठिपक्यांच्या ओळी त्यांना दिसल्या होत्या, पण त्या ठिपक्यांचा अर्थ त्यांना काही महिन्यांनी कळला. पूर्वी जिथे अखंड सुया होत्या, तिथे तापवल्यावर हे ठिपके उरले होते. ते कित्येक दिवस जेवताना बोलत नव्हते, एवढे मला आठवते. त्या गिऱ्हाइकाकडे ते परत गेले की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही. मोठी झाल्यावर विचारता आले असते. तेव्हाही विचारले नाही.

त्यानंतर स्पिनेलविषयी त्यांच्या बोलण्यात एक वेगळीच माया आली. हा दगड निर्मळ आहे, याला तापवून कोणाला काही मिळत नाही, म्हणून याला कोणी हात लावत नाही, असे ते सांगत. त्यांच्या हयातीत हे खरे होते. व्यवहारासाठी तर पूर्णच खरे होते. बाजारात नीलम म्हटला की पहिला प्रश्न तापवला आहे का हाच, आणि स्पिनेल म्हटला की तो प्रश्नच उद्भवत नसे. बाबांचे हे वाक्य माझ्यात इतके खोल रुजले होते, की ते माहितीसारखे राहिलेच नव्हते, सवयीसारखे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळी साधने टेबलावर मांडली आणि माझ्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यापासून पुन्हा सुरुवात केली. आधी वजन केले. हवेत २.१४२ कॅरेट. मग पाण्यात. पाण्याचा पेला काट्यावर अधांतरी बसवून त्यात तारेच्या छोट्या झोळीत खडा सोडायचा आणि झोळीला किंवा खड्याला चिकटलेला हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर एवढ्याशा खड्याचा हिशोब पार बिघडतो. पाणी आदल्या रात्री उकळून गार केलेले होते, तरीही एक बुडबुडा खड्याच्या कमरपट्ट्याला, म्हणजे त्याच्या सर्वांत रुंद भागाच्या कडेला, चिकटून बसलाच; तो बारीक ब्रशच्या टोकाने काढला. पाण्यात वजन भरले १.५४७. म्हणजे पाण्याने ०.५९५ उचलून धरले होते, आणि भागाकार आला ३.६०. स्पिनेलचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतले जडपण, तेवढेच असते. नीलमाचे चार असते. कागदावर हा आकडा उतरला की मला दर वेळी समाधान वाटते, कारण रंग फसवतो, चमक फसवते, पण वस्तू आपले जडपण लपवू शकत नाही.

मग रिफ्रॅक्टोमीटर, खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो, म्हणजे त्याचा अपवर्तनांक, मोजणारे यंत्र. त्याच्या काचेवर लावायच्या थेंबाला गंधकाचा वास असतो. तो बोटांना लागला की दिवसभर जात नाही. त्या थेंबावर खडा पालथा ठेवून पिवळ्या उजेडात पाहिले, तर सावलीची एकच कडा १.७१८ वर, स्पिनेलच्या आकड्यावर, स्थिर उभी होती. खडा सावकाश गोल फिरवला, कडा हलली नाही. नीलम असता तर प्रकाशाची दोन वाटांत फाळणी होऊन दोन कडा दिसल्या असत्या आणि फिरवताना त्यांतली एक सरकली असती. स्पिनेल घन प्रणालीतला, म्हणजे चहूबाजूंनी सारखाच. त्यात प्रकाश कुठूनही शिरला तरी एकाच वाटेने जातो. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि प्राणवायू इतक्या साध्या तीन गोष्टींनी तो बनलेला असतो, आणि रंग येतो तो त्यात चुकून शिरलेल्या परक्या अणूंमुळे.

स्पिनेल कारखान्यातही बनतो, हे मात्र विसरून चालत नाही. बारीक पूड ज्वाळेतून खाली पाडून तिचा कांडीसारखा स्फटिक वाढवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि कोबाल्ट घातलेला असा निळा स्पिनेल नीलमाची नक्कल म्हणून दशकानुदशके विकला गेला. कित्येक घरांतल्या आजीच्या डब्यातला निळ्या खड्याचा 'नीलम' मी तपासला आहे आणि कडा १.७२८ वर आलेली पाहून गप्प बसले आहे, कारण तो घडवताना त्यात ॲल्युमिना जास्त पडतो आणि आकडा ०.०१० ने वर सरकतो. त्या घरांना काय सांगायचे, हा निराळाच प्रश्न असतो. पोलॅरिस्कोपच्या दोन आडव्या-उभ्या काचांमध्ये तो कारखान्यातला खडा चटईच्या विणीसारखी उजेड-काळोखाची जाळी दाखवतो. भाचीचा खडा मी त्यात पूर्ण फिरवला, तो काळोखच राहिला.

आणि मग भिंग. दहापट मोठे करणाऱ्या त्या काचेतून आदल्या दिवशी जे ओझरते पाहिले होते, ते मी आता अर्धा तास पाहिले. खड्याच्या एका टोकाजवळ, पृष्ठभागाच्या बरेच आत, बारीक कणांची एक वळणदार ओळ होती. वरवर पाहता कोणी खसखस सांडली असावी असे वाटे. पण एकेका कणावर नजर स्थिर केली की कळे, की तो गोल नाही. त्याला आठ बाजू आहेत, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तशा. स्पिनेलचा स्फटिक अशाच आकारात वाढतो, आणि वाढता वाढता स्वतःच्याच आकाराची ही चिमुकली रूपे पोटात जपून ठेवतो. कारखान्यातल्या खड्यात सापडतात ते गोल किंवा लांबुळके वायूचे बुडबुडे. ही अष्टफलकांची रांग कोणा माणसाला काढता आली नसती. काही तरबेज माणसे तिला दोष म्हणतात. मला ती खड्याची जन्मखूण वाटते, आणि ती पूर्ण साफ खड्याहून मला जास्त आवडते, हे मी उघडपणे सांगते.

वाक्याचा पहिला अर्धा भाग टिकला.

रंगाशी मी दिवसभर बसले. निळ्या स्पिनेलची परीक्षा करताना सगळ्यात जास्त वेळ रंगालाच द्यावा लागतो, आणि सगळ्यात कमी शब्द त्याच्यासाठीच असतात. सकाळच्या ढगाळ उजेडात खडा दौतीतल्या शाईत थोडे पाणी मिसळावे तसा होता. दुपारी तासभर उघडीप झाली तेव्हा तो मोकळा झाला, करडेपणा मागे सरला. संध्याकाळी देवघरातल्या पिवळ्या दिव्याखाली नेला, तर त्यात जांभळट छटा उतरली, अगदी पिकू लागलेल्या जांभळाच्या सालीसारखी. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ट्यूबखाली तो थोडा कोरडा दिसला. माझ्या मते अंगठी घेणाऱ्याला या चारही रूपांची ओळख आधीच करून दिली पाहिजे. दुकानातल्या निवडक उजेडात खडा एकच रूप दाखवतो आणि घरी आल्यावर माणसाला वाटते की खडा बदलला. खडा तोच असतो. आपल्याला त्याचे दुसरे रूप कोणी सांगितलेले नसते.

सिलोनचे बहुतेक निळे स्पिनेल लोहामुळे निळे असतात, म्हणूनच त्यांत करडी किंवा हिरवट झाक राहते. ज्यांत कोबाल्टचा अगदी पुसटसा अंश शिरलेला असतो, ते वेगळेच पेटतात. सिलोनचे काही आणि व्हिएतनाममधल्या लुक येनचे त्यासाठी नावाजलेले आहेत आणि त्यांचा कॅरेटचा भाव लोहाच्या निळ्याच्या कितीतरी पट असतो. कोबाल्ट ओळखायला चेल्सी फिल्टर नावाची एक रंगीत काच उपयोगी पडते. तिच्यातून लोहाचा निळा खडा मळका, हिरवट करडा दिसतो आणि कोबाल्टचा लाल होतो. मी खडा प्रखर दिव्याखाली ठेवून त्या काचेतून पाहिला. तो लाल झाला नाही, पण मळकाही राहिला नाही. आत कुठेतरी निखाऱ्यावर राख बसावी तशी मंद तांबूस झळक होती. म्हणजे थोडा कोबाल्ट होता. एरवी मला आनंद झाला असता. त्या दिवशी मात्र माझ्या मनात पहिला विचार आला, तो कोणाकडून आला असेल, निसर्गाकडून की भट्टीकडून, हा.

कारण गेल्या दहाएक वर्षांत हेच सुरू झाले आहे. फिक्या रंगाचा नैसर्गिक स्पिनेल घ्यायचा, त्याला कोबाल्टयुक्त भुकटीत पुरायचा आणि हजार अंशांहून अधिक उष्णतेत बराच काळ ठेवायचा. कोबाल्ट बाहेरून आत मुरतो आणि सामान्य खडा दुर्मीळ दिसू लागतो. २०१५ च्या सुमारास असे खडे प्रयोगशाळांना दिसू लागले. त्या खड्याचे विशिष्ट गुरुत्व ३.६० असते, कडा १.७१८ वर येते, पोटात अष्टफलकांची रांग असू शकते, कारण दगड खरोखरच जमिनीतून आलेला असतो. चेल्सी फिल्टरमधून तोही लाल दिसतो. बाबांची सगळी साधने आणि माझी सगळी साधने त्याला नैसर्गिकच म्हणतील आणि त्यात काही चुकणारही नाही. फक्त रंग त्याचा नसेल.

त्या संध्याकाळी मी खिडक्या उघड्या टाकल्या आणि मिथिलीन आयोडाइडची बाटली काढली. तो द्रव उग्र आणि विषारी आहे, अंगाला लागू द्यायचा नसतो. काळा पडू नये म्हणून बाटलीत तांब्याचे तुकडे टाकून ठेवलेले असतात. त्याचा अपवर्तनांक स्पिनेलच्या अगदी जवळचा, म्हणून खडा त्यात सोडला की त्याच्या कडा, पैलू, चमक सारे नाहीसे होते आणि द्रवात नुसता रंग तरंगत राहतो. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे, तरी दर वेळी माझा श्वास थांबतो. काचेच्या बशीखाली पांढरा उजेड लावला होता. बाहेरून रंग मुरवलेला असेल तर पैलूंच्या कडांवर निळ्या रेघा दाट दिसतात, पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरांमध्ये रंग साचलेला दिसतो, आणि आतला गाभा फिका राहतो. माझ्यासमोर एक सलग, शांत निळा ढग होता. रेघ नव्हती. साचलेला रंग नव्हता.

मन निवांत व्हायला हवे होते. पण रंग खोलवर मुरलेले खडेही असतात, आणि नुसता तापवलेला, बाहेरून काहीही न घातलेला स्पिनेल तर या बशीत ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींची हद्द इथे संपत होती. बाबांनी आयुष्यभर ज्या डोळ्यावर भरवसा ठेवला आणि ज्याच्यावर लोकांनी भरवसा ठेवला, त्याच डोळ्याचा वारसा घेऊन मी तिथे बसले होते, आणि मला आणखी दिसत नव्हते.

मी भाचीला फोन केला. तिला सांगितले की खडा नैसर्गिक स्पिनेल आहे, याची मी खात्री देते. पण त्यावर काहीच केलेले नाही हे मी काल सांगायला नको होते, कारण ते मला माहीत नाही. ती काही क्षण गप्प राहिली. मग अगदी सरळपणे म्हणाली, "मावशी, मग काल कशावरून म्हणालीस?" तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणे आणखी कठीण झाले. मी म्हणाले, "आजोबा तसं म्हणायचे, म्हणून." तिने आजोबांना पाहिलेले नाही. ती म्हणाली, "बरं. मग तपासून घेऊ."

खडा मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत दिला. ज्या दिवसांत तो माझ्याकडे नव्हता त्या दिवसांत मला रत्नपुऱ्याची सारखी आठवण येत होती. मी तिथे एकदाच गेले आहे, बाबा गेल्यानंतर. भातशेताच्या कडेला खणलेला चौकोनी खड्डा, त्याच्या भिंतींना लाकडाचे टेकू आणि टेकूंच्या मागे माती ढासळू नये म्हणून दाबून भरलेला पाला, पाणी उपसणाऱ्या पंपाची अखंड धडधड. खाली चिखलात उतरलेली माणसे जी रेताड, गोट्यांची माती वर देत होती तिला इल्लम म्हणतात. ती पाण्यात वेताच्या पसरट टोपल्यांत घोळवायची, हलकी माती वाहून जाऊ द्यायची, आणि तळाशी उरलेल्या खड्यांवर ऊन पडेल अशी टोपली तिरकी धरायची. टोपलीवर वाकलेल्या म्हाताऱ्या माणसाचे बोट खडीवरून फिरत होते आणि एका ठिकाणी थांबले. त्याने उचललेला दाणा ओला होता, मटकीहून मोठा नव्हता, निळसर होता. त्याने तो जिभेला लावला नाही, घासला नाही, नुसता आकाशाकडे धरला. तो उत्तरेकडे तोंड करून उभा होता की नाही हे मी तेव्हा पाहिले नाही, पण आठवणीत तो नेहमी उत्तरेकडेच तोंड करून उभा असतो.

या दगडाच्या वाट्याला दुसऱ्याचे नावच फार आले. मध्य आशियातल्या बदख्शानच्या कुह-इ-लाल खाणीतले तांबडे स्पिनेल मोगलांच्या खजिन्यात 'लाल' या नावाने मिरवले, त्यांवर बादशहांची नावे कोरली गेली. ३५२.५ कॅरेटचा असा एक खडा पंजाब खालसा झाल्यावर १८४९ मध्ये लाहोरच्या खजिन्यातून इंग्रजांच्या हाती गेला आणि १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडे पोचला. त्याला आजही तैमूरचे माणिक म्हणतात, आणि तो माणिक नाही. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर बसवलेले मोठे 'माणिक'ही स्पिनेलच आहे. माणिक आणि स्पिनेल ही दोन वेगळी खनिजे आहेत, हे फ्रान्सच्या रोमे द लिल याने १७८३ साली स्पष्ट मांडले. निळ्या स्पिनेलला तर तेवढाही मान मिळाला नाही. तो एकतर नीलम म्हणून खपला किंवा नीलम नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. माझ्या भाचीने तो निवडला, तोही शेवटी नीलम नको म्हणूनच. पण पुडी उघडताना तिच्या चेहऱ्यावर जे होते, ते नको म्हणून घेतलेल्या वस्तूसाठी नसते.

अकराव्या दिवशी खडा आणि अहवाल परत आला. तिथे लेसरचा किरण टाकून खड्यातून परत येणाऱ्या मंद प्रकाशाची नोंद घेतात. जमिनीत लाखो वर्षे सावकाश थंड झालेल्या स्पिनेलमध्ये मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम आपापल्या जागी नीट बसलेले असतात, आणि त्यातल्या क्रोमियमच्या लेशामुळे त्या नोंदीत अरुंद, टोकदार शिखरे उमटतात, एकाशेजारी एक उंच-ठेंगण्या नळ्या उभ्या असाव्यात तशी. खडा कडक तापवला की ते अणू जागा सोडतात, आपसात मिसळतात, आणि शिखरे रुंद होऊन एकमेकांत विरघळतात. पुन्हा थंड केला तरी पूर्वीची शिस्त येत नाही. खड्याला भट्टी आठवते. डोळ्याला फक्त ती दिसत नाही. भाचीच्या खड्याची शिखरे अरुंद होती. अहवालात लिहिले होते, नैसर्गिक स्पिनेल, प्रक्रियेच्या खुणा आढळल्या नाहीत.

ते वाक्य मी बराच वेळ वाचत राहिले. प्रक्रिया केलेली नाही, असे त्यात नव्हते. खुणा आढळल्या नाहीत, असे होते. एवढी यंत्रे, एवढा लेसर, आणि तरी त्यांनी स्वतःला जे दिसले तेवढ्यापाशीच वाक्य थांबवले होते. मी नुसत्या भिंगावर त्याच्या कितीतरी पुढे गेले होते.

आता घडणावळीचा प्रश्न उरला होता आणि तो सुखाचा होता. खडा सिलोनच्या पद्धतीने कापलेला आहे, म्हणजे वजन राखण्यासाठी पोटाकडे जाड ठेवलेला; मधोमध किंचित फिकी जागा आहे, जिथून कागदावरचे अक्षर पुसट दिसते. पुन्हा कापून घेतला तर ती मिटेल, पण वजन दोन कॅरेटच्या खाली उतरेल आणि अष्टफलकांची ती रांग कडेला असल्याने तीही जाईल. मी भाचीला दोन्ही बाजू सांगितल्या आणि माझे मतही दिले, की कापू नये. तिने भिंगातून ती रांग पाहिली आणि लगेच नको म्हणाली. रोजच्या वापराच्या अंगठीसाठी स्पिनेल चांगला आहे. त्याची कठिणता आठ, आणि हिऱ्यासारखा किंवा टोपाझसारखा तो एखाद्या ठरावीक दिशेने फटकन दुभंगत नाही. पाठ बंद असलेले कोंदण मात्र त्याला मानवणार नाही. मागून उजेड कोंडला की हा निळा संध्याकाळनंतर काळा दिसेल. म्हणून चार नख्यांची, मागे पूर्ण मोकळी बैठक सांगितली, आणि नख्या मऊ पडू नयेत म्हणून बावीसऐवजी अठरा कॅरेटचे सोने. सोने पिवळेच. पांढऱ्या सोन्यात करडेपणा पुढे येतो. पिवळ्याच्या शेजारी तो उबदार होतो.

कारागिराने अंगठी आणून दिली तेव्हा भाची समोरच होती. मी तिला आधी खिडकीपाशी नेले, मग ट्यूबखाली, मग देवघरातल्या दिव्यापाशी, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ थांबवले. देवघरात तो जांभळट झाला तेव्हा आई माळ ओढता ओढता थांबून म्हणाली, "हा नीलम नाही ना गं?" भाची म्हणाली, "नाही आजी, स्पिनेल आहे." आईने तिचा हात हातात घेऊन खडा जवळून पाहिला आणि पुन्हा माळ ओढू लागली.

ती गेल्यावर मी बाबांची नोंदवही काढली. पेढीवरची नव्हे, घरची. रविवारी पाहिलेल्या खड्यांची. लाल शाईने आखलेले रकाने आहेत: तारीख, वस्तू, वजन, रंग, पाणी, दोष. ते गेल्यानंतर त्याच वहीत मी लिहीत आले. रंगाच्या रकान्यात मी लिहिले, निळा, करडी झाक, दिव्याखाली जांभळट. पाणी, चांगले. दोषाच्या रकान्यात अष्टफलकांची रांग लिहिली आणि तिला दोष म्हणावे की नाही यावर थोडा वेळ अडले. मग पट्टी घेऊन पानाच्या उजव्या समासात एक नवीन उभी रेघ आखली. रकान्याचे नाव लिहिले, प्रक्रिया. त्याखाली लिहिले, खुणा आढळल्या नाहीत, प्रयोगशाळा. आणि त्याच ओळीत डावीकडे, स्पिनेल, नैसर्गिक, यापुढे माझी सही केली.